थिबा राजवाडा ब्रह्मी का दिसत नाही? छपराकडे बघा

पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मे महिन्यात ते मुलांना घेऊन रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघून आले. ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा म्हणून गेले आणि तो त्यांना साहेबाच्या बंगल्यासारखा वाटला. यात ब्रह्मी काय आणि पारंपरिक काय, असं ते विचारतात. शिवाय राजापूरकडे त्यांचं आजोबांच्या वेळचं चिरेबंदी घर आहे, त्याच्या भिंती गुडघ्यापर्यंत ओल धरून सोलवटतायत. राजवाड्यालाही तोच चिरा, म्हणजे जांभा दगड, दिसला, तो उभा आहे, मग आमच्याच घराचं असं का?

माझ्या मते दोन्ही प्रश्न पाण्याचे आहेत. आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. तीसेक वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जुनी घरं आणि देवळं दुरुस्त करतोय. राजवाड्याचं काम मी केलेलं नाही. तिथे मी तुमच्यासारखाच तिकीट काढून जातो, फक्त माझी मान जास्त वेळ वर असते.

थिबा राजा इथे हौसेने आला नव्हता हे तर तुम्ही फलकावर वाचलंच असेल. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्याची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली, राजाराणीला बोटीत घालून आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्राची वाट बंद व्हायची. कैदी ठेवायला याहून सोयीचं गाव कुठलं? (रेल्वेचं म्हणाल तर अख्खी कोकण रेल्वे सुरू व्हायला १९९८ उजाडलं.) पहिली चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिलं. राजवाड्याचं काम १९०६ च्या सुमारास सुरू झालं, १९१० मध्ये राजा राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. ज्या घराला आपण त्याचा राजवाडा म्हणतो, त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. राणी सुपायालात १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजाची समाधी इथेच रत्नागिरीत आहे, आणि तिथे फारसं कोणी जात नाही.

म्हणजे बांधणारं सरकार इंग्रजांचं आणि राहणारा त्यांचा कैदी. साहेबाच्या बंगल्यासारखं दिसण्याचं हे एक कारण झालंच. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं.

मंडालेचा मूळ राजवाडा थिबाच्या वडिलांनी, मिन्डॉन राजाने, १८५७ ते १८५९ मध्ये उठवला. तो जवळजवळ सगळा सागवानी होता. उंच जोत्यावर एकमजली दालनं, आणि सिंहासनाच्या दालनावर एकावर एक सात टप्प्यांचं, वर निमुळतं होत गेलेलं छप्पर. मजले राहायला नव्हते, छपराला होते. कडेकडेने कोरीव लाकूड, त्यावर सोन्याचा मुलामा. आता पाऊस बघा. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे, तिथे वर्षाला साधारण आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा. सात टप्प्यांचं छप्पर म्हणजे सात ठिकाणी वरच्या छपराचं पाणी खालच्या छपराच्या सांध्यावर आपटणार. कोरीव कामाच्या खाचाखाचांत पाणी बसणार. वर वर्षातून एकदा चढून लक्ष द्यायला माणूस नसेल तर असं छप्पर आपल्या पावसात किती वर्षं टिकेल, ते मला माझ्या सुताराला विचारायचीही गरज नाही. ओल्या मुलखातही अशी छपरं बांधतात, नाही असं नाही, पण ती देवाधर्माची ठिकाणं; तिथे राबणारे हात असतात. हद्दपार राजाच्या घरी ते कुठून येणार?

त्यामुळे रत्नागिरीत जे झालं ते इथल्या पावसाला धरून झालं. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलारू छपरं, मोकळे सज्जे. ब्रह्मी म्हणावं असं त्यात उरलं ते लाकूड, आणि मागच्या बाजूला राजाने बसवलेली बुद्धमूर्ती.

या लाकडापाशी जरा थांबतो, कारण बघणारे लोक त्याच्यावरून नुसता हात फिरवून पुढे जातात. थिबाचं राज्य गेलं त्याला तात्कालिक निमित्त सागाचंच होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत निघालेली कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलातून साग तोडून नेत होती. ठरल्यापेक्षा जास्त तोडला, राजाचा हिस्सा बुडवला म्हणून दरबाराने तिला जबर दंड केला, आणि ते कारण पुढे करून इंग्रजांनी युद्ध पुकारलं. पंचवीस वर्षांनी त्याच राजाला जे घर बांधून दिलं त्याच्या दारा-खिडक्यांना साग ब्रह्मदेशाचा. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तेव्हा मुंबई इलाख्यात चांगल्या कामाला ब्रह्मी सागच वापरत. पण माणूस सकाळी उठून खिडकीचं झडप उघडताना कशाला हात लावत होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

साग घेतात तो दिसायला छान म्हणून नव्हे. त्याच्या अंगात तेल असतं म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आक्रसण्याचं प्रमाण कमी. आषाढात खिडकी अडकते आणि वैशाखात तिच्यात बोटभर फट पडते, हा अनुभव तुमच्या राजापूरच्या घरी असेलच. चांगल्या जुन्या सागात तो फार कमी येतो. कोकणात सामान्य माणसाला साग परवडत नसे. म्हणून ऐन, किंजळ, फणस, आंबा, आणि वाशांना पोफळ किंवा माड. फणसाचा खांब कसलेल्या सुताराने नीट बघून निवडला असेल तर शंभर वर्षं सहज उभा राहतो. आंब्याचं लाकूड मात्र भुंगेऱ्यांचं जेवण.

सागाची आणखी एक गंमत आहे. कुसू आणि खाच घालून, खुंट्या ठोकून उभी केलेली इमारत परत सुटी करता येते. मंडालेत श्वेनान्दॉ नावाचा मठ आहे. तो मुळात मिन्डॉन राजाचा राहता महाल. राजा तिथे वारला, म्हणून थिबाने गादीवर आल्यावर तो महाल सुटा करवून राजवाड्याच्या कोटाबाहेर नेऊन मठ म्हणून उभा केला. पुढे १९४५ मध्ये महायुद्धात आतला सगळा राजवाडा जळाला. आज तिथे दिसते ती प्रतिकृती आहे. बाहेर नेलेला महाल वाचला. म्हणजे मंडालेच्या सागवानी राजवाड्यातला जो मोठा तुकडा आज शिल्लक आहे तो थिबाने काढून टाकलेला. आपल्याकडेही जुनं घर उतरवून लाकूड दुसऱ्या वाडीत नेऊन परत उभं करत असत. मी स्वतः दोन घरं अशी उतरवली आहेत. प्रत्येक तुकड्यावर रंगाने खूण करायची. पहिल्या घराच्या वेळी मी खडूने केली होती आणि त्या रात्री अवकाळी पाऊस झाला.

आता पुन्हा राजवाड्यात जाल तेव्हा नक्षी सोडा आणि पाणी कुठून कुठे जातं ते शोधा. इमारत भाट्याच्या खाडीवर, सड्याच्या (उंच कातळी माळाच्या) कडेला आहे. लोक म्हणतात देखाव्यासाठी. देखावा आहेच, पण कडेच्या जागी पावसाचं पाणी साचत नाही, उतरून जातं. मग जोतं बघा, छपराचा उतार बघा, पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडत असतील त्याचा अंदाज घ्या. मग सज्जे. ते संध्याकाळी समुद्र बघायला उपयोगी पडतात हे खरं, पण आडव्या पावसात त्यांचं काम वेगळं: पाण्याचा पहिला मार ते घेतात, आतली भिंत कोरडी राहते. आपल्या घराची पडवी हेच करते. अर्धगोल खिडक्या आणि रंगीत काचांचे फोटो सगळे काढतात. वादळी पावसात झडपं लावून घ्यावी लागली की खोलीत अंधार होतो. तेव्हा वरच्या या काचा उजेड देतात.

मग त्याच दिवशी टिळक आळीत जा. लोकमान्यांचं जन्मस्थान म्हणून जपलेलं घर तिथे आहे. राजवाड्यापुढे ते लहान आणि साधं, पण नियम तेच: उतरतं कौलारू छप्पर, पुढे ओसरी, आत माणसाच्या मापाच्या खोल्या. फरक ऐपतीचा. (रत्नागिरीकर ही गोष्ट पाहुण्याला सांगितल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून मीही सांगतो: मंडालेचा राजा रत्नागिरीत आपलं घर पुरं होण्याची वाट बघत होता, तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, १९०८ ते १९१४.)

अस्सल स्थानिक राजघराण्याचा वाडा बघायचा असेल तर सावंतवाडी. खेमसावंत तिसरे यांच्या काळात, अठराव्या शतकात तो उभा राहिला. मोती तलावाकाठी, तोही जांभ्याचा. तिथल्या दरबारात बसून कारागीर गंजिफाची, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांची, पानं रंगवतात, आणि वाडा नुसता मांडून ठेवलेला वाटत नाही. याच किनाऱ्याने पार खाली गेलात तर कन्याकुमारी जिल्ह्यातला पद्मनाभपुरमचा राजवाडा जरूर बघा. त्रावणकोरची राजधानी १७९५ पर्यंत तिथे होती. आता तो संग्रहालय आहे, आणि जमीन तमिळनाडूची असूनही कारभार केरळ सरकार बघतं. लाकूड, कौलं, चुना आणि पाऊस यांचं गणित त्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. जमीन काळी, आरशासारखी चकचकीत. नारळाच्या करवंटीचा कोळसा, चुना आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेली, असं सांगतात. आपल्याकडचे म्हातारे गवंडीही चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालायचे, म्हणून मला ते ऐकून नवल वाटलं नाही.

आता तुमच्या घराकडे येतो.

आधी एक गोष्ट. तुम्ही राजवाडा मे महिन्यात बघितलात. मे महिन्यात कोकणातली प्रत्येक भिंत चांगली दिसते. राजवाड्यालाही त्याची दुखणी आहेत, शंभर वर्षांच्या कुठल्याही इमारतीला असतात.

जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. बुकॅनन नावाच्या साहेबाने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. पूर्वी काढलेला चिरा एक पावसाळा उघड्यावर ठेवत, मग बांधायला घेत. हल्ली यंत्राने कापलेला चिरा त्याच आठवड्यात भिंतीत जातो. हा दगड सच्छिद्र आहे. पाणी पितो आणि सोडतो. त्याला पाणी पिऊ न देणं तुमच्या हातात नाही. सोडू देणं आहे. चुन्याच्या दरजा (चिऱ्यांमधले सांधे) असतील तर भिंतीतली ओल त्या दरजांतून बाहेर पडते, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र. काही बिघडायचं तर दरज बिघडते, दगड राहतो. दरज दहा-वीस वर्षांनी परत भरायची असते, एवढाच खर्च.

सिमेंट घातलं की गणित उलटतं. दरज दगडापेक्षा कडक आणि बंद. ओल मग दगडाच्या तोंडातून बाहेर पडते, येताना क्षार घेऊन येते, ते पृष्ठभागाच्या आत साखळतात आणि दगडाची साल निघू लागते. आमच्याकडे त्याला लोणा लागला म्हणतात. तुमच्या भिंतीचं गुडघ्यापर्यंतचं सोलवटणं वाचूनच मी पैज लावेन की खाली तीन-चार फूट सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटच्या दरजा आहेत, आणि तो गिलावा कोणीतरी 'ओल थांबावी' म्हणून केलाय.

हे मला कसं कळलं तेही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका देवळाच्या जांभ्याच्या ओवरीला मीच सिमेंटने दरजा भरल्या. काम सुबक झालं, गावाने नारळ दिला. चौथ्या पावसाळ्यानंतर गेलो तर सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला चिरा बोटभर आत खाल्लेला. माझ्याबरोबर एक म्हातारे गवंडी होते. त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं, थुंकले आणि म्हणाले, "मीठ हाय. आता ह्ये मागं नाय जायाचं." ते सिमेंट छिन्नीने काढताना आणखी चिरे तुटले. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, पण चिरे काही परत आले नाहीत.

तेव्हा तुमच्या घराचं असं करा. पहिल्यांदा भिंतीला हात लावू नका. घराभोवती फिरून बघा की जोतं किती बुडालंय. पन्नास-साठ वर्षांत अंगणात माती, पालापाचोळा, कोणीतरी टाकलेला भराव असं चढत जातं आणि जोत्याच्या दोन पायऱ्यांची एक होते. ती माती काढा. पागोळ्या पडतात त्या रेषेत उथळ चर घ्या, तळाला चिऱ्याचे तुकडे घाला आणि पाण्याला उताराकडे वाट द्या. निम्म्या घरांची ओल माझ्या अनुभवात एवढ्यानेच उतरते, फक्त उतरायला दोन वर्षं लागतात आणि तेवढा धीर कोणाला नसतो.

आत जमिनीला फरशी बसवलीय का? शेणाने सारवलेली जमीन ओल थोडी थोडी वर सोडत असते. तिच्यावर खाली सिमेंट घालून चकचकीत टाइल्स बसवल्या की ती ओल बाजूला सरकते आणि भिंतीत चढते. टाइल्स उखडा असं सांगितलं तर घरात भांडणं होतील, हे मला ठाऊक आहे. निदान भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे चुन्याचं काम करून घ्या.

मग भिंतीचा सिमेंट गिलावा. सैल झालेला असेल तेवढाच काढा. हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून जिथे पोकळ वाजेल तिथला. घट्ट बसलेला ओरबाडायला जाल तर चिऱ्याचं तोंड त्याच्याबरोबर येईल. उघडी भिंत एक अख्खा उन्हाळा वाळू द्या, आणि पावसाळा गेल्यावर, दिवाळीनंतर चुन्याचं काम करा. भिजवून निदान काही आठवडे मुरवलेला चुना, एकास तीन चाळलेली रेती; खाडीची रेती नको, तिच्यात मीठ असतं. काम झाल्यावर रोज हलकं पाणी मारा. चुना हवेने पकतो, घाईने नाही, आणि 'पांढरा सिमेंट तोच चुना' म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. वरून ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिकचा रंग दिलात तर सगळी मेहनत पाण्यात. चुन्याचाच हात मारा.

छप्पर मंगळुरी कौलांचं असेल तर सुदैव. ही कौलं बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून आली आणि गलबतांनी किनारभर पसरली. त्याआधी आपल्याकडे हाताने थापलेले नळे किंवा गवत. आजही एकेक कौल बदलता येतं, हेच त्याचं मोठेपण. वर पत्र्याचं दुसरं छप्पर टाकायचा मोह कोकणात सगळीकडे दिसतो. पत्रा टाकायचाच असेल तर मध्ये वारा खेळेल इतकं अंतर ठेवा, नाहीतर खालचे वासे कुजताना तुम्हाला दिसणारही नाहीत. वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे टोच्या घालून बघा. मऊ लागलं तर तेवढं टोक कापून नवं जोडता येतं, अख्खा वासा फेकायची गरज नसते.

आणि तुम्ही न विचारलेली गोष्ट. घर वर्षातून किती दिवस उघडं असतं? जुन्या घरात चूल पेटायची, धूर माळ्यावरून कौलांतून निघायचा, त्या धुराने लाकूड सुकं राहायचं आणि कीड लागायची नाही. चाकरमान्याचं घर गणपतीत पाच दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस उघडतं, बाकी बंद. वाडे संग्रहालय होतात तेव्हाही हेच दुखणं. राहत्या घराच्या खिडक्या दिवसातून दहा वेळा उघडतात-मिटतात. संग्रहालयाच्या खिडक्या चोरीच्या, माकडांच्या, वाऱ्याच्या भीतीने मिटतात त्या मिटतातच. एका जुन्या वाड्यात मी काम केलं तिथे मांडलेल्या वस्तूंना धूळ नको म्हणून वरचे झरोके काचेने बंद केले होते. दोन पावसाळ्यांत तुळईच्या बुडाला पांढरी बुरशी धरली. आम्ही फक्त काचा काढून जाळी लावली.

तेव्हा गावातल्या कोणाला तरी महिन्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून ठेवायला सांगा, पावसाळ्यात शक्य तितक्या वेळा चूल पेटवायला सांगा, आणि त्याचे पैसे द्या. फुकट सांगितलेलं काम श्रावणापर्यंतच चालतं.

पुढच्या खेपेला राजवाडा बघायला जुलैत या. आवाराच्या एका कडेला छत्री घेऊन अर्धा तास उभे राहा आणि छपराचं पाणी कुठे उतरतं ते मुलांना दाखवा. घराची कौलं मात्र त्याच्या आधी, वळवाच्या सरी येण्यापूर्वी चाळून, म्हणजे काढून, झाडून परत लावून, घ्या. मे महिन्यात कौलं चाळणारा माणूस मिळत नाही, तो तेव्हा वीस घरांना हो म्हणून बसलेला असतो. शिमग्याला याल तेव्हाच सांगून ठेवा.